चूक गेली कुठे?

24 फेब्रुवारी 2020 रोजी राहुरी तालुक्यातील ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातील जखणगाव या दोन गावांत एक यादी लागली. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची ती पहिली यादी होती. प्रत्येक जिल्ह्यातून दोन गावे, याप्रमाणे राज्यातील 68 गावे त्यासाठी निवडली होती, आणि त्यांत मिळून 15,358 खाती होती. यादीत शेतकऱ्याच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक दिलेला होता. तो क्रमांक आणि आधार कार्ड घेऊन शेतकऱ्याने ‘आपले सरकार सेवा केंद्रा’त जायचे आणि यंत्रावर अंगठा ठेवायचा. मग संगणकाच्या पडद्यावर त्याचे कर्जखाते आणि थकबाकीची रक्कम दिसे. ती मान्य असेल तर ‘सहमत’, नसेल तर ‘असहमत’. सहमत झाल्यास रक्कम कर्जखात्यात जमा होणार आणि असहमत झाल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाणार. अर्ज भरायचा नाही, दाखले जोडायचे नाहीत.

त्या दिवसांत या पद्धतीचे कौतुक बरेच झाले आणि ते मला मान्य आहे. मात्र कौतुक करताना एक वाक्य वारंवार ऐकू आले: ‘संगणकामुळे माणसाच्या चुकांना जागाच उरली नाही.’ हे वाक्य मला मान्य नाही. शिक्षकांनी तरी ते तपासून घ्यावे असे वाटते, कारण शाळेतली निम्मी माहिती आज शिक्षकच संगणकात भरतात आणि विद्यार्थ्याच्या आधार कार्डावरील नाव शाळेच्या नोंदवहीतील नावाशी जुळले नाही, तर ‘चूक कोणाची’ हा प्रश्न प्रथम त्यांनाच विचारला जातो.

ब्राह्मणीच्या यादीचे मोल समजण्यासाठी तिच्या आधीची यादी पाहिली पाहिजे. जून 2017 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ होणार होती. तीही योजना संगणकावरच चालणार होती, आणि आधारची पडताळणी तीतही होती. म्हणजे एका योजनेत माणसांनी काम केले आणि दुसरीत यंत्राने, असा हा फरक नाही. यंत्रे दोन्हीकडे होती, म्हणूनच ही तुलना उपयोगाची आहे.

2017 मध्ये शेतकऱ्याने संगणकावर अर्ज भरायचा होता. लाभ कुटुंबाला होता, तेव्हा पती, पत्नी आणि 18 वर्षांखालील मुले यांची माहिती एकत्र द्यायची होती. बँकांनी त्याच कर्जखात्यांची माहिती वेगळ्या तक्त्यात, 66 रकान्यांत, भरायची होती. मग संगणकाने अर्ज आणि तक्ता यांची जुळणी करायची. जुळले ते हिरव्या यादीत, शंका असलेले पिवळ्या यादीत. गावोगाव चावडीवाचन झाले, 18 ऑक्टोबर 2017 रोजी, ऐन दिवाळीत, काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रेही दिली गेली. आणि त्यानंतर गोंधळ सुरू झाला. अर्जातील माहिती बँकेच्या माहितीशी जुळेना. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे आढळल्याच्या बातम्या आल्या. प्रमाणपत्र हातात, पण खात्यात रक्कम नाही, अशी स्थिती कित्येकांची झाली.

या जुळणीत काय बिनसले असेल, हे समजायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. गावच्या सेवा सोसायटीच्या खतावणीत नाव ‘दत्तात्रय’, आधार कार्डावर ‘दत्तात्रेय’, बँकेच्या संगणकात रोमन लिपीत, आणि तेही भरणाऱ्याला जसे सुचले तसे. ज्ञानदेव हे नाव रोमन लिपीत किती प्रकारे लिहिता येते, हे कोणत्याही वर्गात विचारून पाहावे. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. माणसाला हे सगळे एकच वाटते, कारण त्याला तो दत्तात्रेय माहीत असतो. गटसचिवाला तर त्याची तीन पिढ्यांची उधारी तोंडपाठ असते. संगणक मात्र अक्षराला अक्षर लावून पाहतो आणि एका मात्रेसाठी नाव बाजूला काढतो. यात चूक कोणाचीच नाही, तरीही निकाल चुकलेला आहे.

दुसरी गोष्ट सक्तीच्या रकान्यांची. रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, अशी व्यवस्था केली की माहिती पूर्ण मिळते, अशी आज्ञावली लिहिणाऱ्यांची श्रद्धा असते. प्रत्यक्षात रकाना पूर्ण मिळतो, माहिती मिळतेच असे नाही. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना याचा पुरावा देण्याची गरज नाही. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून लिहीत, आणि त्यामुळे आपल्याकडच्या एका मोठ्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो भरला गेला. तारीख नियमात बसणारी आहे, कॅलेंडरात ती आहे, कोणतीही यांत्रिक तपासणी तिला अडवणार नाही. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे कसा आला असेल याचा माझा अंदाज याच जातीचा आहे.

येथे आधार क्रमांकाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण संख्या लिहिताना होणाऱ्या चुका यंत्राने पकडण्याचे ते सुंदर उदाहरण आहे. आधारच्या 12 अंकांपैकी शेवटचा अंक हा तपासणीचा अंक असतो. आधीच्या 11 अंकांवरून तो एका ठरावीक रीतीने काढतात. ही रीत याकोबस व्हेरहुफ या डच गणितज्ञाने 1969 मध्ये मांडली. त्याने प्रथम माणसे कशी चुकतात हे मोजले आणि मग उपाय शोधला. नेदरलँड्सच्या टपाल व्यवस्थेतील चुकलेल्या संख्या त्याने तपासल्या. सुमारे 79 टक्के चुकांत फक्त एक अंक चुकलेला होता, तर सुमारे 10 टक्के चुकांत शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली होती, 47 च्या जागी 74 अशी. व्हेरहुफच्या रीतीत या दोन्ही प्रकारच्या सर्व चुका पकडल्या जातात. तिच्या मुळाशी आहेत नियमित पंचकोनाच्या सममिती, म्हणजे पंचकोन फिरवणे आणि उलटणे. आधी फिरवून मग उलटले, की आधी उलटून मग फिरवले, यावर उत्तर बदलते. म्हणून अंकांचा क्रम बदलला की हिशोबही बदलतो. सममिती शिकवताना फुलपाखराच्या पंखांपलीकडे जायचे असेल, तर हे उदाहरण जरूर घ्यावे.

पण ही तपासणी काय सांगते? ‘हा क्रमांक लिहिताना हात घसरलेला नाही’ एवढेच. ‘हा क्रमांक याच माणसाचा आहे’ हे ती सांगत नाही. शेजाऱ्याचा आधार क्रमांक अगदी बिनचूक लिहिला, तर पंचकोन समाधानी असतो. एकच बरोबर क्रमांक शंभर खात्यांपुढे लिहिला, तरी शंभर वेळा तो समाधानी असतो. ती चूक पकडायला दुसरी तपासणी हवी: हा क्रमांक आधी आला आहे का? आणि तीही पुरेशी नाही, कारण दोन शेतकऱ्यांचे क्रमांक एकमेकांपुढे पडले, तर प्रत्येक क्रमांक एकदाच येतो. अशी चूक ओळखू शकेल असा एकच जण जगात असतो, तो म्हणजे स्वतः शेतकरी. त्याला विचारल्याखेरीज ती सापडणे नाही.

2020 च्या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य मला येथे दिसते. तिच्यात यंत्र अधिक हुशार झाले नव्हते. उलट, तिने यंत्राचे काम सोपे केले. कुटुंब हा निकष सोडून वैयक्तिक शेतकरी हा निकष घेतला, त्यामुळे पती-पत्नींची खाती एकत्र जुळवण्याचा खटाटोप संपला. 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात घेतलेले पीककर्ज आणि 30 सप्टेंबर 2019 रोजीची दोन लाखांपर्यंतची थकबाकी, एवढ्या तारखा आणि एक रक्कम. हा नियम शाळेच्या फळ्यावर मावतो. शेतकऱ्याला काही लिहायला लावले नाही, म्हणून त्याच्या किंवा केंद्रचालकाच्या लिहिण्यातल्या चुका जन्मालाच आल्या नाहीत. नावाची अक्षरे जुळवण्याऐवजी अंगठा घेतला. आणि शेवटी, रक्कम वळती करण्यापूर्वी, ज्याला खरे काय ते ठाऊक आहे त्याला एकच प्रश्न विचारला: हे तुझेच खाते ना, एवढीच रक्कम ना? 2017 मध्ये शेतकऱ्याची ओळख एका टोकाला पटवली होती, बँकेचा तक्ता दुसऱ्या टोकाला होता आणि दोघांची गाठ त्याच्या पाठीमागे मारली गेली. 2020 मध्ये ती त्याच्या डोळ्यांसमोर मारली गेली.

माझ्या दृष्टीने हे श्रेय स्वयंचलनाचे कमी आणि प्रश्न कमी करणाऱ्याचे अधिक आहे.

स्वयंचलन वाईट असे मी म्हणत नाही. काही कामे माणसाकडून काढूनच घेतली पाहिजेत. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीत काय झाले, ते संगणक चालवणाऱ्यांच्या जगात प्रसिद्ध आहे. नवी आज्ञावली आठ संगणकांवर चढवायची होती. हाताने ती सातांवर चढवली गेली, आठवा राहिला, आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. बाजार उघडल्यावर आठव्या संगणकातील जुना भाग जागा झाला आणि त्याने भराभर खरेदी-विक्री सुरू केली. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचे 44 कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झाले. तेच काम आठ वेळा हुबेहूब करणे, हे माणसाच्या मेंदूचे कामच नव्हे. सातव्या वेळी त्याचे लक्ष जेवणाकडे गेले तर नवल नाही. असे काम यंत्राला द्यावे आणि आठही ठिकाणी झाले की नाही, हेही यंत्रालाच मोजू द्यावे.

पण यंत्राला काम दिले की चूक संपते असे नाही. तिचा मुक्काम हलतो. लिझन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने 1983 मध्ये ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. कारखान्यांचे स्वयंचलन हा त्याचा विषय. तिचे म्हणणे असे, की यंत्रणा घडवणारा अभियंता यंत्र चालवणाऱ्या माणसाला अविश्वसनीय समजून बाजूला सारतो, पण अभियंताही माणूसच असतो आणि त्याच्या चुका यंत्रणेत कायमच्या बसतात. शिवाय ज्याचे स्वयंचलन त्याला जमत नाही, ती अवघड कामे तो त्याच माणसाच्या गळ्यात टाकतो. चाळीस वर्षांनंतरही हा निबंध शिळा झालेला नाही. चालकाची चूक एका वेळी एका नोंदीत होते. नियम लिहिणाऱ्याची चूक सगळ्या नोंदींत एकदम होते, आणि सगळीकडे सारखीच असल्याने ती चूक वाटतच नाही.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा तापमान आपोआप नोंदवणारे यंत्र आणले. हाताने वही लिहिण्यातला आळस आणि खाडाखोड जावी हा हेतू. यंत्र तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर धरत होते. आम्ही उलट धरले. महिन्याच्या 12 तारखेपर्यंत कोणालाच शंका आली नाही, कारण 5 एप्रिल ऐवजी 4 मे हीसुद्धा चांगली तारीख आहे. 13 तारखेला तेरावा महिना सापडेना, तेव्हा यंत्राने तक्रार केली. तोपर्यंतची नोंद सुवाच्य, नेटकी आणि चुकीची होती. वहीत अशी चूक बारा दिवस टिकली नसती, कारण लिहिणाऱ्याला आज कोणता महिना आहे हे ठाऊक असते.

आता ब्राह्मणीच्या पद्धतीतील उणिवांकडे येतो. पहिली अंगठ्याची. खुरपे, विळा, ऊसतोडीचा कोयता यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात, वयानेही झिजतात. अंगठा जुळला नाही की पडद्यावर येते ते ‘प्रमाणीकरण अयशस्वी’. हे शब्द नीट पाहावेत. यंत्राला रेषा वाचता आल्या नाहीत असे ते म्हणत नाहीत. उभा राहिलेला माणूसच नापास झाला असा त्यांचा सूर आहे. चूक कोणाच्या खात्यावर टाकायची हे वाक्यरचना आधीच ठरवून टाकते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले गेले. ‘सहमत’ आणि ‘असहमत’ ही बटणे विशिष्ट क्रमांक मिळालेल्यालाच दिसतात. ज्याचे नाव यादीत चुकीने आले किंवा रक्कम चुकली, त्याची चूक या पद्धतीत सापडते. ज्याचे नाव चुकीने आलेच नाही, त्याच्यासाठी पडदा उघडतच नाही. बँकेच्या तक्त्यात कर्जाचा प्रकार किंवा तारीख चुकीची पडली असेल, तर संगणक त्याला मुकाट्याने वगळतो, आणि वगळलेल्याला क्रमांक नसल्याने असहमत होण्याचीही सोय नसते. संख्याशास्त्रात आपण चुकांचे दोन प्रकार शिकवतो: नको ते घेणे आणि हवे ते सोडणे. या पद्धतीने पहिल्या प्रकारावर उत्तम पहारा बसवला आणि दुसऱ्याचे दार जवळजवळ तसेच ठेवले. ‘जवळजवळ’ म्हणतो, कारण आधारशी न जोडलेल्या कर्जखात्यांच्या याद्या जानेवारी 2020 मध्ये गावात लावल्या होत्या, आणि ते पाऊल योग्य दिशेचे होते. तीस लाखांहून अधिक खात्यांना या योजनेचा लाभ झाला. जी खाती वगळली गेली त्यांपैकी किती योग्य कारणाने वगळली गेली, हे मात्र सहमतीच्या आकड्यांवरून कळणे शक्य नाही.

याच संदर्भात ई-पीक पाहणीचा उल्लेख करतो. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची पद्धत सुरू झाली. पूर्वी तलाठी चावडीत बसून सातबाऱ्यावर पीक लिहितो अशी ओरड असे. ती चूक गेली, पण नोंदीची जबाबदारी आणि तीत चुकण्याची संधी दोन्ही शेतकऱ्याकडे आल्या. पहिल्या वर्षीच्या अनुभवानंतर, 2022 मध्ये, या पद्धतीत दोन सुधारणा झाल्या, त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. स्वतः केलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करता येऊ लागली, आणि गावातल्या इतर खातेदारांच्या नोंदी कोणालाही मोबाइलवर पाहता येऊ लागल्या. शेताच्या गटाचा मध्यबिंदूही यंत्रात घातला गेला, म्हणजे घरी बसून पीक नोंदवणाऱ्याला अंतर दिसते. तिन्ही सुधारणा चांगल्याच. पण मध्यबिंदू फक्त माणूस कुठे उभा आहे ते सांगतो. शेजारच्या रानात कांदा आहे की ऊस, हे शेजाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

वर्गात करून पाहण्यासारखे दोन प्रयोग सुचवतो. पहिला पुस्तकांवरील 13 अंकी आयएसबीएन क्रमांकाचा. त्याचे अंक डावीकडून क्रमाने 1, 3, 1, 3 असे गुणून बेरीज केली, की ती 10 ने भाग जाणारी येते. विद्यार्थ्यांना एखादा अंक बदलून पाहू द्या. चूक प्रत्येक वेळी पकडली जाईल. मग शेजारच्या अंकांची अदलाबदल करू द्या. बहुतेक वेळा पकडली जाईल, पण 1 आणि 6 शेजारी असतील तर नाही. 1×1 + 6×3 = 19 आणि 6×1 + 1×3 = 9; फरक बरोबर 10. अशा आणखी जोड्या कोणत्या, हे विद्यार्थ्यांनीच शोधावे. आधारची रीत येथे आयएसबीएनपेक्षा सरस का, हा प्रश्न मग त्यांच्याच तोंडून येतो.

दुसरा प्रयोग मी काही शिक्षकांबरोबर एका कार्यशाळेत केला. उपस्थितांची यादी तयार करून भिंतीवर लावली, आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी खूण करायची असे सांगितले. एक नाव मी मुद्दाम गाळले होते. खुणा भराभर झाल्या, दोन ठिकाणी आडनावाचे शुद्धलेखन दुरुस्त झाले, आणि यादी शंभर टक्के तपासली गेली असे सर्वांनी मान्य केले. गाळलेल्या बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी यादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली आणि जागेवर जाऊन बसल्या. खूण कुठे करायची, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.